कसोटीवर घासलेलं ग्राफिक्स कार्ड

आमच्या घरात खालच्या खोलीत पंखा नव्हता, असं सांगितलं की जळगावचा उन्हाळा ज्यांनी काढलाय ते माझ्याकडे संशयाने बघतात. पण खरंच नव्हता. सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. वर आम्ही राहायचो आणि खाली नानांची बैठक. नाना म्हणजे माझे वडील. सोनाराच्या बैठकीत पंखा लावला तर शेगडीची ज्योत हलते आणि कानशीतून पडलेला सोन्याचा कण कुठे उडून जाईल सांगता येत नाही. म्हणून वैशाखातसुद्धा नाना नुसत्या बंडीवर, मांडीवर चामड्याचा तुकडा पसरून, घाम पुसत बसायचे. पहाटे मला जाग यायची ती त्यांच्या हातोडीने. ठाकठूक असा मोठा आवाज नाही, ऐरणीवर बारीक, एका लयीत चाललेली टिकटिक. मधेच ती थांबायची आणि फुंकणीचा लांब सूर यायचा. त्याच सुमाराला वरून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल, आणि उन्हाळा असला की गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, आंबूस वास जिन्यातून खाली उतरायचा. खोली झाडलेला केर आमच्याकडे टाकत नसत, डब्यात साठवत. वर्षातून एकदा तो केर धुऊन त्यातलं सोनं काढून देणारी माणसं यायची. मला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्याच घरचा केर असा जपून ठेवतात.

नानांना माणसं दोन प्रकारची दिसायची, चोख आणि बिनचोख. हाच नियम कोथिंबिरीला, पाहुण्यांना, शाळेला आणि देवाच्या तेलालासुद्धा. त्यांचं आवडतं वाक्य होतं, "लेवानं ते चोख लेवानं, नहीते लेवानंच नही." घ्यायचं तर खरं घ्या, नाहीतर घेऊच नका. कोणी सोन्याचं काही आणून दिलं, मग ते सख्ख्या बहिणीचं का असेना, ते आधी काळ्या कसोटीवर घासून बघायचे, त्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकायचे आणि मगच "बसा" म्हणायचे. माणसावरचा अविश्वास नव्हता तो. हाताला लागलेली सवय होती, जशी आपल्याला घरात शिरताना चपला काढायची असते. आणि त्यांचा सगळा राग एकाच गोष्टीवर होता, मुलाम्यावर. तांब्यावर, चांदीवर सोन्याचं पाणी चढवायचं हा त्यांच्या लेखी धंदाच नव्हता. गल्लीत आमच्या समोर सुपडूअप्पांचं मुलाम्याचं दुकान होतं. अप्पा भला माणूस, गल्लीतल्या सगळ्या पोरांना शेंगदाणे वाटणारा. पण नाना त्यांच्या दुकानाची पायरी कधी चढले नाहीत. सणावाराला रामराम, कोणाच्या मयतीला शेजारी उभं राहणं, एवढाच संबंध.

आमच्या घरात एक रीत होती. मुलगी अठराची झाली की बापाने तिच्यासाठी स्वतःच्या हाताने एक डाग घडवायचा, डाग म्हणजे दागिना. लग्नाचं सोनं वेगळं. हा नुसता तिचा. माझी आत्या, जिला मी अक्का म्हणायचे, तिला आजोबांनी घडवलेली पोत ती भडगावला सासरी रोज गळ्यात घालायची. माझ्या डागाचं सोनं नानांनी मी शाळेत जायला लागले तेव्हापासून थोडं थोडं बाजूला काढलं होतं. बारावीची परीक्षा संपली आणि एका दुपारी त्यांनी मला बोलावून नक्षीचे कागद समोर ठेवले. मी ते बघितले. सुंदरच होते. आणि मी म्हणाले, "नाना, मला डाग नको. मला कॉम्प्युटर पाहिजे."

कशासाठी, हे सांगायला पाहिजे. धुळ्याच्या मामेभावाने टाकून दिलेला एक लॅपटॉप माझ्याकडे होता. त्याच्यावर मी एक खेळ खेळायचे. लढाया होत्या त्यात, पण मला लढायांचं फारसं नव्हतं. त्या खेळात एक मोठा प्रदेश होता, डोंगर, जंगल, तळी, दूरवर गेलेल्या वाटा, आणि कुठेही चालत जाता यायचं. माझ्या लॅपटॉपवर तो प्रदेश म्हणजे तपकिरी ठोकळे. झाड म्हणजे हिरवा डबा, पाणी म्हणजे निळी फरशी, आणि चार पावलं टाकली की चित्र गोठायचं. पण इंटरनेटवर लोक तोच खेळ चांगल्या यंत्रावर खेळताना दिसायचे. त्यांच्या झाडांना पानं होती. पानांवरून ऊन घसरायचं. तळ्यात डोंगराची सावली पडायची आणि वारा आला की ती मोडायची. मी बारावीचा अभ्यास करताना त्या तळ्याचा विचार करायचे. जळगावातलाच मेहरूणचा तलाव पायाखालचा असताना मी पडद्यातल्या पाण्यासाठी झुरत होते, यावर आज मला हसू येतं, पण तेव्हा हसू येत नव्हतं. मला जिंकायचं नव्हतं. मला ते एकदा नीट बघायचं होतं.

आई तव्यावरची भाकरी तशीच सोडून आली. "सोनं आंगवर राहस," ती म्हणाली. "हाई कॉम्प्युटर गळामा घालशी का?" नक्षीचे कागद त्यांनी गोळा केले, नीट एकावर एक ठेवले. त्यांचा चेहरा उतरला, हे मला दिसलं. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी हातोडी थांबवून म्हणाले, "तुना डाग शे, तू ठराव. पन जे आनशी ते चोख आनजो." आणि माझ्या वाट्याचं ते सोनं त्यांनी मोडलं. सोनाराने स्वतःच्या पोरीसाठी ठेवलेलं सोनं मोडणं ही काय गोष्ट आहे, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी फक्त उड्या मारल्या.

मग सुरू झालं भाग निवडणं. दुकानात जाऊन तयार डबा उचलायचा नाही, एकेक भाग स्वतः पारखून घ्यायचा आणि जोडायचा, हे नानांना फार पटलं, कारण त्यांच्याकडेही कोणी तयार माल मागितला की ते नाक मुरडायचे. रोज संध्याकाळी जेवण झालं की मी ताटाशेजारी फोन घेऊन बसायचे आणि त्यांना समजावून सांगायचे. प्रोसेसर विचार करतो. ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं. एक खूप हुशार आणि दुसरं मंद असेल तर हुशाराला मंदासाठी थांबून राहावं लागतं, म्हणून दोघं तोलामोलाचे पाहिजेत. मदरबोर्डवर सगळे बसतात, पण कोणताही प्रोसेसर कोणत्याही बोर्डावर बसत नाही, खाचा जुळायला लागतात. रॅम म्हणजे काम करताना समोर मांडलेल्या वस्तूंची जागा. नाना वरण-बट्टी चुरत ऐकायचे आणि त्यांचे प्रश्न कधी कोणत्या व्हिडिओत आले नसतील असे असायचे. "घट कितली येस?" "परत देवाले गयं ते घेतस का?" "हाई घडावनारा कोन शे?" वर्षभरात किंमत अर्ध्यावर येते, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी घास खाली ठेवला. सोनं सोडून जगात लोक काय काय विकत घेतात, याचं त्यांना त्या क्षणी खरंखुरं नवल वाटलं असावं.

पंख्यांवरून तर घरात दोन पक्ष पडले. जळगावच्या उन्हात हे यंत्र तापणार, म्हणून मी पुढून तीन, वरून दोन आणि मागून एक असे पंखे घ्यायचं ठरवलं होतं. शिवाय प्रोसेसरचा एक आणि कार्डाचे दोन वेगळे. "इतला पंखा!" नाना म्हणाले. "हाई कॉम्प्युटर शे का कूलर?" आईचं म्हणणं, ज्या घरात माणसाला पंखा मिळत नाही त्या घरात डब्याला नऊ पंखे लागतात, हे कुठे सांगायची सोय नाही. पाण्याने थंड करण्याचीही सोय असते, आतून नळ्या जातात, असं मी सांगून बघितलं. विजेच्या वस्तूत पाणी म्हटल्यावर आईने हातच जोडले, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याची भीती होती. वीजपुरवठ्याचा डबा घ्यायला मात्र नाना स्वतः माझ्याबरोबर दुकानात आले. समोर दोन ठेवले होते, दोन्हींवर सारखेच आकडे छापलेले. त्यांनी एकेक तळहातावर घेतला, डोळे मिटले, जरा झुलवला. "हाऊ," ते म्हणाले, आणि जड होता तो माझ्याकडे दिला. मी घरून ठरवून आलेला तोच होता. दुकानभर आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत होतो.

पण ज्या दिवशी प्रोसेसर घरी आला तो दिवस मी विसरणं शक्य नाही. काड्यापेटीएवढा चौकोन. मी तो कडेने धरून उलटा केला आणि नानांच्या बैठकीतल्या दिव्याखाली नेला. खालची सगळी बाजू सोन्याच्या ठिपक्यांनी भरलेली. नानांनी डोळ्याला भिंग लावलं आणि वाकले. किती वेळ गेला कोण जाणे. शेगडीवर त्यांचं काम चाललेलं होतं, ते निवून गेलं. आयुष्यभर मण्याशेजारी मणी बसवणारा तो माणूस, एकेक ठिपका दुसऱ्याच्या ओळीत, कुठे तसूभर ढळलेला नाही, असं काम बघत होता. आणि मी त्यांना सांगितलं की हे तर नुसते बाहेरचे दरवाजे आहेत. आत नखाएवढ्या चकतीवर जे कोरलंय ते या भिंगातूनही दिसणार नाही. नानांनी भिंग काढलं नाही. तसंच वर बघून त्यांनी आईला हाक मारली, आणि पिठाचे हात पदराला पुसत आई खाली आली तर तिच्या डोळ्याला स्वतःच्या हाताने भिंग लावून दिलं. आईने वाकून बघितलं. "रांगोळी काढेल शे," एवढंच म्हणाली. त्या रात्री जेवताना फोनवरचा कसलाच धडा झाला नाही. तिघंही देवळातून आल्यासारखे जेवलो.

ग्राफिक्स कार्ड जळगावात मिळेना. जे हवं होतं ते धुळ्याला एका दुकानात होतं, म्हणून आम्ही दोघं एसटीने निघालो. एरंडोल, पारोळा, दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, खिडकीतून येणारी गरम हवा. दुकानदार योगेशभाऊ, तिशीचा उत्साही माणूस, त्याने आमच्यासमोर कार्ड जोडून चालवून दाखवलं, मग खोक्यात घातलं. खोकं केवढं चकचकीत! त्याच्यावर आग ओकणारा कोणीतरी राक्षस. नानांनी ते बघितलं आणि तिथेच पिशवीतून जुनं धोतर काढलं. सोनार मौल्यवान वस्तू नेतो ती कोणाच्या डोळ्यात भरणार नाही अशी नेतो. खोकं धोतरात, धोतर गोणपाटाच्या पिशवीत आणि वर बाजारातून घेतलेली कांद्याची पात. "नाना, पातीला पाणी आहे!" मी कळवळून म्हणाले, तेव्हा मधे वर्तमानपत्र घातलं. येताना सगळा रस्ता ती पिशवी त्यांनी मांडीवर धरली होती. शेजारच्या बाईने विचारलं, कांदे कसे मिळाले? नानांनी तिला भावही सांगितला.

सगळं जोडायचं ते आखाजीला, असं ठरलं. बाहेरच्यांना अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस; आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा दिवस. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, दिवसभर गाणी चालतात, आणि एरवी जुगाराच्या नावाने बोटं मोडणारी घरंसुद्धा त्या दिवशी पुरुषांना पत्त्यांना बसू देतात. खेळायला कोणी कोणाला नाही म्हणत नाही. माझ्या खेळाच्या यंत्राला यापेक्षा चांगला मुहूर्त मला सापडला नसता. अक्का भडगावहून आदल्या दिवशीच आली होती. सकाळी घागर पूजली, दुपारी खापरावरचे मांडे आणि आमरस असं जेवण झालं. नानांचं गिऱ्हाईक दुपारपर्यंत आटोपलं. बैठकीत पांढरी चादर अंथरून मी एकेक भाग जोडत होते. अक्का मदरबोर्डाकडे बघून म्हणाली, "माय वं, हाई ते बठ्ठं भडगाव दिसी राहिनं," आणि त्याच्यावर बोट न लावता तिने मला गिरणा नदीचं पात्र आणि बसस्टँड दाखवलं. मला हसू आवरेना. कार्ड तेवढं राहिलं होतं. नानांनी ते बघायला मागितलं, मी दिलं, आणि तोवर वर गेलेल्या अक्काने हाक मारली म्हणून रसाची भांडी खाली आणायला गेले.

जिन्यात असतानाच नानांचा आवाज आला, आनंदाने फुललेला. "पोरी! चोख शे! चोख शे हाई!"

मी खाली आले. नानांच्या समोर काळी कसोटी होती. तिच्यावर एक बारीक पिवळी रेघ. रेघेवर तेजाबाचा थेंब, कडेने हिरवट फेस येऊन निवत होता आणि पिवळं तसंच राहिलं होतं. कार्डाच्या खालच्या कडेला, जिथून ते बोर्डात बसतं, तिथे सोनेरी पट्ट्यांची एक ओळ असते. सोनं आहे, हे मीच त्यांना सांगितलं होतं. माझ्या डागाचं सोनं मोडून ही वस्तू आली होती, मग ते सोनं खरं की खोटं हे बघणं त्यांच्या लेखी बापाचं काम होतं. त्यांनी टोकाची पट्टी कसोटीवर एकदा, नेहमीसारखी दाबून, घासली होती. मी कार्ड हातात घेतलं. त्या पट्टीवर सोनं नव्हतं. तांबं दिसत होतं, आणि शेजारच्या पट्ट्यांवर कसोटीला लावतात ते तेल आणि काळी भुकटी. माझा चेहरा बघून नानांनी भिंग लावलं. मग त्यांचा आवाज आला, अगदी खालचा. "एक घासमाच गयं? इतलं पातळ?"

मी कार्ड तसंच बसवलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. बटण दाबलं. नऊच्या नऊ पंखे फिरले, आत दिवे लागले, अक्काने टाळी वाजवली. पडदा काळाच राहिला. बोर्डावर ग्राफिक्सच्या नावापुढे एक लाल दिवा लागला होता, तो विझेना. पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. लाल दिवा. मी योगेशभाऊला फोन लावला. "कार्ड तर तुमच्यासमोर चालवून दिलं, ताई," तो म्हणाला. "घरी नेल्यावर काय झालं?" मी अडखळले, तेव्हा नानांनी माझ्या हातातून फोन घेतला. "मी शुभीचा बाप बोलतो. मी त्याला कस लावला." "काय लावलं, काका?" "कसोटीवर घासलं. सोनार आहे मी." बिचारा योगेशभाऊ! इतक्या वर्षांत त्याच्याकडे पाणी सांडलेली, उंदराने कुरतडलेली, गच्चीवरून पडलेली कार्डं आली असतील. त्याने फार सभ्यपणे सांगितलं की अशा वेळी कंपनी बदलून देत नाही.

मी रडले. लपवायला जागाच नव्हती, खोली लहान. आई येऊन माझ्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली, तिने एकदाही "मी सांगितलं होतं" म्हटलं नाही, याबद्दल मी तिची आयुष्यभर ऋणी आहे. नाना कार्डाकडे बघत बसले होते. "मनामुळे व्हयनं," ते म्हणाले. "तुना डाग मीच बिघाडा." माझ्या रडण्यापेक्षा ते वाक्य जड होतं. बाहेर झोक्यावरची गाणी चालली होती, पत्त्यांच्या डावात कोणीतरी हसत होतं. मग नाना उठले. कार्ड मऊ फडक्यात गुंडाळलं आणि बंडीवर सदरा चढवला. "कोठे जाई राहिना, भाऊ?" अक्काने विचारलं. नाना तोवर उंबऱ्याबाहेर होते. मी डोळे पुसत त्यांच्यामागे गेले.

गल्लीत लिंबाखाली चटईवर डाव रंगला होता. सुपडूअप्पा मधोमध बसलेले, हातात पानं, तोंडात विडा. नाना त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांची पानं हातातच राहिली, कारण नाना तिथे कधी येत नसत. "अप्पा," नाना म्हणाले, "एक काम शे." अप्पांनी वर बघितलं. "बस ना, नाना. उभा काबर शे?" नाना बसले नाहीत. त्यांनी फडकं उलगडलं, ती पट्टी दाखवली, आणि गल्लीतल्या दहा माणसांसमोर म्हणाले, "हाईले सोनं चढावनं शे. मुलामा." तो शब्द त्यांच्या तोंडून कामाचा म्हणून मी पहिल्यांदा ऐकला. कोणी हसेल असं मला वाटलं. कोणी हसलं नाही. अप्पांनी पट्टी बघितली, नानांकडे बघितलं, मग हातातली पानं चटईवर पालथी ठेवली. "कोनी दखानं नही," असा दम भरून ते उठले.

सुपडूअप्पांच्या दुकानाची पायरी नाना त्या दिवशी चढले. आतमध्ये काचेची भांडी, तारा, कसलासा आंबट वास. अप्पांनी आधीच सांगितलं, "जिंदगीमा असं काम करं नही मी. व्हई का नही, सांगता येस नही." त्यांनी स्पिरिटने सगळी कड पुसली, काळं निघून गेलं. एक बारीक तार त्या पट्टीला टेकवली, दुसऱ्या तारेच्या टोकाला कापूस गुंडाळून तो सोन्याच्या पाण्यात बुडवला, आणि इतक्या हलक्या हाताने पट्टीवरून फिरवायला लागले की कापूस टेकतोय की नाही हेही कळेना. शेजारच्या पट्टीला लागलं तर सगळंच बाद. नाना भिंग लावून त्यांच्या खांद्यावरून वाकले होते. हळूहळू तांब्यावर एक फिकट पिवळी झाक आली, गेली असं वाटलं, मग परत आली आणि राहिली. अप्पांनी कापूस उचलला. नाना तरी बघतच होते. "अप्पा," ते शेवटी म्हणाले, "हात चांगला शे तुना." अप्पांनी नुसती मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी खात्रीने सांगते, कारण मी त्यांच्या समोरच उभी होते.

या वयात मला या यंत्रांतलं तेव्हापेक्षा जास्त कळतं. जाणकारांना मी ही हकिकत सांगितली तर काही म्हणतात, पट्टीवरचं तांबंसुद्धा चाललं असतं, अडचण फक्त कसोटीच्या तेलाची होती आणि ती स्पिरिटने पुसल्यावरच दूर झाली. काही म्हणतात, नाही, सोनं चढवलं म्हणूनच चाललं. मी दोन्हींना मान डोलावते. नाना असेपर्यंत हा वाद मी घरात आणला नाही, आणि अप्पांना तर तो कळायचं कारणच नव्हतं. ते दोघं त्या आखाजीनंतर संध्याकाळी एकमेकांच्या ओट्यावर बसायला लागले, ते अप्पा जाईपर्यंत.

कार्ड बसवताना माझ्या मागे सगळे उभे होते, आई, अक्का, नाना, आणि डाव अर्धा टाकून आलेले अप्पा. मी बटण दाबलं. पंखे फिरले. लाल दिवा लागला, आणि मी डोळे मिटून घेतले. अक्काच ओरडली, "उनं! उनं वं माय!" लाल दिवा विझला होता, पडद्यावर अक्षरं आली होती. पुढचे सोपस्कार व्हायला दिवेलागण झाली. आईने रस पुन्हा वाटला, अप्पांनीही घेतला. मग मी खेळ उघडला.

आणि ते आलं. डोंगर आला, त्याच्या अंगावरची वाट आली. गवताचं पातं न् पातं वेगळं होतं आणि वाऱ्याने सगळं रान एका बाजूला कललं. ऊन पानांतून गळत होतं. खाली तळं होतं, त्यात डोंगर उलटा पडला होता, आणि पाण्यावर एक पाखरू खाली उतरलं तर त्याच्याभोवती गोल गोल लाटा निघाल्या आणि डोंगर हलला. आईने पदर तोंडाला लावला होता. एवढं सुंदर काही माणसांनी बसून बनवलंय, आणि ते जळगावच्या एका गल्लीतल्या, पंखा नसलेल्या खोलीत उतरलंय, हे मला पेलवत नव्हतं. नाना माझ्या शेजारी येऊन बसले होते. भिंग त्यांनी काढून ठेवलं होतं. त्यांचे डोळे त्या पाण्यावरून हलत नव्हते.

मी हळूहळू उतार उतरत तळ्याच्या काठाशी आले. पाणी तळ दिसेल इतकं नितळ होतं आणि पुढे काळंशार होत गेलं होतं. वर्षभर मी याच क्षणाची वाट बघत होते. मी पुढे पाऊल टाकणार, तेवढ्यात नानांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"थांब," ते म्हणाले. "पानी कितलं खोल शे, कोनले माहीत. तुले पवता येत नही."

मी थांबले. त्या संध्याकाळी आम्ही दोघं काठाकाठानेच गेलो.